खाली नाव कुणाचं?

"अपील मंजूर होण्याची शक्यता कमी होती."

पुतण्यानं हे वाक्य मोबाइलवरून वाचून दाखवलं तेव्हा आम्ही करी रोडच्या त्याच्या भाड्याच्या खोलीत बसलो होतो. शनिवारची संध्याकाळ, खाली लोकलची ये-जा, खिडकीच्या गजाला हँगरवर लटकवलेला त्याचा काळा कोट. तो उच्च न्यायालयात एका सिनिअरच्या हाताखाली आहे. दोन दिवस या, काही काम काढू नका, नुसती मुंबई बघा, असं म्हणून कधीपासून मागं लागला होता. येताना आजोबांच्या केसची फाईल आणा, असंही म्हणाला होता. वकील झालाय, घरातली केस वाचायची हौस असेल, असं मला वाटलं. फाईल नेली. सुतळीनं बांधलेली, कडा कुरतडलेली, मधल्या पानांना ओल लागून शाई पसरलेली. त्यानं एकेका पानाचा फोटो काढला, सगळे एआयला दिले आणि म्हणाला, "काका, आता बघा." बघता बघता शेताच्या बांधावरून दोन पिढ्या चाललेल्या भांडणाचा दहा-बारा ओळींचा गोषवारा पडद्यावर आला. स्वच्छ मराठीत. मोजणीचे दोन नकाशे, त्यांतली तफावत, तालुक्याच्या कोर्टाचा निकाल, सांगलीच्या कोर्टाचा निकाल, मग मुंबईला दुसरं अपील. 'अपील प्रलंबित असताना मूळ अपीलकर्ते मयत झाले. वारस दाखल करण्यात आले.' वारस म्हणजे मी आणि याचा बाप. कुठं एक चूक नव्हती. मग पुतण्यानं सहज विचारलं, या अपिलाचा निकाल लागला असता तर काय लागला असता? आणि ते वाक्य आलं.

पुढं कारणंही दिली होती. ती मी धड ऐकली नाहीत. चहा संपवला, मुंबईच्या हवेबद्दल काहीतरी बोललो. रात्री मात्र झोप येईना.

आमच्या अपिलाचा निकाल कधी लागलाच नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, गेले, काही वर्षांनी तात्याही गेले. तात्या म्हणजे समोरची पार्टी, भावकीतलेच. नंतर तात्यांचा मुलगा आणि मी एका लग्नाच्या पंगतीत शेजारी शेजारी आलो आणि मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवता ठेवता मिटवून टाकलं. बांध आहे तिथं राहू दे. वकिलांनी तडजोडीचे कागद केले, दोघांनी सह्या केल्या, प्रकरण संपलं. आण्णा शेवटपर्यंत म्हणत होते, निकाल लागू दे, मग बघू. तो लागला नाही याचं खरं तर मला आतून बरंच वाटत आलंय. न लागलेल्या निकालात माणूस हरलेला नसतो. आणि आता, मी मागितलेला नसताना, बिस्किटाच्या पुड्याशेजारी ठेवलेल्या मोबाइलवर निकाल आला होता. तोही आण्णांच्या विरोधात.

आण्णांची मुंबई म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेस, लालबागचा गाळा आणि हायकोर्ट. रात्री सांगलीला गाडीत बसायचं, सकाळी व्हीटीला उतरायचं. गावच्या गिरणी कामगारांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात आंघोळ उरकायची आणि कापडी पिशवीत फाईल घेऊन फोर्टात जायचं. मला आठवतंय, पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा डब्यात समोरच्या बाकावर तात्या बसले होते. दोघांची तारीख एकच, गाडी एकच. रात्री कराडच्या आसपास तात्यांनी शेंगदाण्याची चटणी काढली, आण्णांनी भाकरी काढल्या, आणि दोघं पाऊसपाण्याचं बोलत जेवले. बांधाचा विषय नाही. मला त्या वयात ते ढोंग वाटलं होतं. सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात मात्र दोघं दोन टोकांना उभे. दुपारी वकिलांचा कारकून येऊन सांगायचा, "आज बोर्डावर पोहोचलं नाही." परत महालक्ष्मी. आता २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सांगली-साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सहा जिल्ह्यांचे खटले तिथं चालतात. चाळीस वर्षं आमच्या भागातल्या वकिलांनी त्यासाठी मोर्चे काढले, कामं बंद ठेवली. ज्या दिवशी ते सुरू झालं त्या दिवशी सगळीकडे पेढे वाटत होते आणि मला उगाचच त्या भाकरी आठवत होत्या.

त्या गोषवाऱ्यातली एक गोष्ट मात्र मी नीट वाचली, आणि तिच्यापायी या यंत्रावर सरळ चिडताही येईना. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली दुसरं अपील चालतं ते कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. कुणाचा नकाशा खरा, बांध कुठल्या झाडापासून, हे खालच्या दोन कोर्टांनी ठरवलं की सहसा तिथंच संपतं. उच्च न्यायालय पुन्हा पुरावे चाळत बसत नाही. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तर हे फार स्पष्ट झालंय. एआयनं चार ओळींत, कुणालाही कळेल असं लिहिलं होतं. आण्णांना हे त्या सगळ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल तर इंग्रजीत, घाईघाईनं, जिना उतरता उतरता. ते कायम म्हणायचे, "एकदा सायेब बांधावर येऊन उभा राहू दे, समदं दिसंल त्येला." कुठला साहेब, कुठला बांध! तो टप्पा सांगलीतच संपला होता. वकील सांगायचे, "मॅटर स्ट्राँग आहे." आण्णा त्या दोन शब्दांच्या आधारावर द्राक्षाच्या हंगामातले पैसे बाजूला काढायचे. त्या चार ओळी त्यांच्या हातात तेव्हा पडल्या असत्या तर? कदाचित तेव्हाच मिटवलं असतं. कदाचित नसतंही. पण निदान कळलं तरी असतं.

मग खटकलं काय?

माझा धंदा छपाईचा. तालुक्याच्या गावात छोटा प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, यात्रेची पत्रकं, आणि निवडणूक आली की उमेदवारांची हँडबिलं. आण्णांनी ट्रेडल मशीनवर सुरू केला. पायानं मारायचं यंत्र, खिळे जुळवायचे, शाईच्या रुळाचा तो चिकट आवाज. मी डीटीपी आणि ऑफसेटवर आलो. यंत्रं बदलली, पण आण्णांनी लावलेल्या दोन सवयी सुटल्या नाहीत. एक, गिऱ्हाइकानं प्रुफावर सही केल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. वधूच्या आजोळच्या नावात चूक राहिली तर ते प्रूफ काढून दाखवता आलं पाहिजे. आणि दुसरी, छापलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी, अगदी बारीक टायपात, प्रेसचं नाव आणि गाव टाकायचं. हा १८६७ च्या कायद्यानं घालून दिलेला दंडक. इंग्रजानं तो आपल्यावर नजर ठेवायला आणला, त्यात शंका नाही. पण तो कायदा बदलून आता २०२३ चा नवा आला तरी माझी नजर कुठलाही कागद हातात आला की आधी तळाला जाते. वर काय लिहिलंय ते नंतर. खाली नाव कुणाचं?

निवडणुकीच्या पत्रकांचं तर आणखी कडक. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक दोघांचीही नावं-पत्ते पाहिजेत. छापून घेणाऱ्यानं सही केलेलं प्रतिज्ञापत्र, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि छापून झालं की पत्रकाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. एकदा रात्री एक जण आला होता, तोंडाला मफलर, हातात वहीच्या पानावर लिहिलेला मजकूर. विरोधी उमेदवाराच्या बायकोबद्दल होता. म्हणाला, दुप्पट पैसे घ्या, पण खाली प्रेसचं नाव नको. आण्णांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. त्यांच्या तत्त्वाचा भाग असेल किंवा भीतीचा. मला दोन्ही वाटतात. पण तो मजकूर आमच्या गावात छापला गेला नाही. तो माणूस जर आज आला असता, तर त्याला आमच्या दारात यायची गरजच पडली नसती.

रविवारी सकाळी पुतण्या मला फोर्टात घेऊन गेला. गर्दी नाही, फुटपाथवर पुस्तकवाले नुकते ताडपत्र्या उचलत होते. हायकोर्टाला सुट्टी. आम्ही ओव्हल मैदानाच्या कडेनं गेलो; आत एकाच वेळी पाच-सहा क्रिकेटच्या मॅचेस एकमेकींत घुसलेल्या, कुणाचा फिल्डर कुणाच्या खेळपट्टीवर उभा. पलीकडं राजाबाई टॉवर आणि त्याला लागून हायकोर्टाची ती काळपट दगडी इमारत. १८७१ ला काम सुरू झालं, १८७८ ला संपलं. मधल्या उंच भागावर न्याय आणि दया अशा दोन मूर्ती. पूर्वी आण्णांबरोबर आत गेलो तेव्हा कारकुनानं आम्हाला खांबावर कोरलेलं माकड दाखवलं होतं. एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू. शिवाय वकिलाचे बँड लावलेला कोल्हा. म्हणे बांधकामाच्या एका ठेकेदाराचा याच कोर्टाशी वाद झाला, तो हरला, आणि त्यानं दगडात सूड उगवला. दंतकथाच असणार. पण आण्णा ते माकड बघून जे हसले होते तसे मी त्यांना कोर्टाच्या आवारात पुन्हा कधी हसताना पाहिलं नाही. कितीतरी तारखांना ते आधी त्या माकडाकडं जाऊन यायचे.

आत सेंट्रल कोर्टाबाहेर टिळकांची पाटी आहे. जुलै १९०८, राजद्रोहाचा खटला, न्यायमूर्ती दिनशा दावर. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांच्या वर बोलले. ज्युरीत नऊ जण, सात युरोपियन आणि दोन हिंदी. सात विरुद्ध दोन अशा मतांनी दोषी. सहा वर्षं काळं पाणी, म्हणजे प्रत्यक्षात मंडाले. ज्युरीनं काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, हे त्यांनी शिक्षेआधी म्हटलेले शब्द १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी तिथंच लावले, ज्या कोर्टानं शिक्षा दिली त्याच्याच भिंतीवर. शाळेत हे सगळ्यांनी वाचलंय. मला त्यातला एक बारका माणूस जास्त जवळचा वाटतो. १८९७ चा पहिला खटला झाला तेव्हा टिळकांबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यात केशव महादेव बाळ नावाचे गृहस्थही उभे होते. ते केसरीचे मुद्रक. लिहिलं त्यांनी काही नव्हतं. त्यांचं नाव खाली छापलेलं होतं, एवढंच. ते सुटले. पण ज्या दिवसांत सुटतील की नाही ठाऊक नव्हतं, त्या दिवसांत हा माणूस रात्री घरी जाऊन काय बोलत असेल, असं माझ्यासारख्या प्रेसवाल्याला वाटतं. तेव्हा नाव म्हणजे शोभेची ओळ नव्हती.

आणि दावर! हेच दावर १८९७ मध्ये बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. अकरा वर्षांनी न्यायाधीशाच्या खुर्चीवरून त्यांनीच टिळकांना मंडालेला पाठवलं. गिरण्या बंद पडल्या, शिक्षेच्या सहा वर्षांसाठी कामगारांनी सहा दिवस संप केला. शंभर वर्षं उलटून गेली तरी दावरांचं नाव घेताना आपल्याकडं लोकांचा स्वर बदलतो. माणसानं बाजू बदलली, आणि ती बदलल्याचं त्याच्या नावावर कायमचं चढलं. १९१६ मध्ये टिळकांवर पुन्हा कारवाई झाली, चांगल्या वर्तणुकीसाठी त्यांच्याकडून जामीन मागितला गेला, आणि याच उच्च न्यायालयात बॅचलर आणि शहा या दोन न्यायमूर्तींनी तो हुकूम रद्द केला. बाजू मांडली होती जिनांनी. त्यांचीही नावं आहेत. एका दगडी इमारतीत चूकही नावानिशी पडून आहे आणि दुरुस्तीही.

हे मी पुतण्याला बोललो. तो मैदानाच्या कठड्याला टेकून उभा होता. म्हणाला, "काका, तुम्हाला काय वाटतं, आम्हाला कळत नाही?" आणि मग त्यानं मला त्याच्या जगातल्या गोष्टी सांगितल्या. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला एका वकिलानं विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात सहा निकालांचे दाखले दिले, आणि ते सगळे एआयनं रचलेले निघाले. गंमत म्हणजे त्यानं त्या यंत्रालाच विचारलं होतं की हे खरे आहेत का, आणि यंत्र हो म्हणालं होतं. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. आपल्याकडं २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात ज्या तीन निकालांचा आधार घेतला होता ते कुठं सापडेचनात. न्यायालयानं सुनावलं की एआयनं दिलं म्हणून डोळे झाकून घेऊ नका, तपासून घ्या. केरळ उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं: निष्कर्ष, आदेश, निकाल यांसाठी हे वापरायचं नाही. तर त्याआधी २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी जामिनाच्या अर्जात चॅटजीपीटीला कायद्याबद्दल प्रश्न विचारून उत्तर आदेशात नमूद केलं होतं, आणि हे निकालासाठी नव्हे, असंही लिहून ठेवलं होतं. सगळे चाचपडतायत. न्यायालयं संगणकावर आणायच्या ई-कोर्ट योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रानं ७,२१० कोटी मंजूर केले, त्यातले ५३.५७ कोटी असल्या नव्या तंत्रासाठी. देशात पाच कोटींच्या वर खटले तुंबलेत. "तुमच्या आण्णांसारखे पाच कोटी, काका. कुणीतरी वाचायला नको का ते कागद?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. आण्णांची फाईल ज्या सिनिअर वकिलांकडं होती त्यांनी ती शेवटपर्यंत पूर्ण वाचली असेल की नाही, मला खात्री नाही. यंत्रानं वाचली, अगदी शाई पसरलेल्या पानांसकट.

मग त्यानं आणखी एक केलं. तिथंच, मैदानाच्या कडेला उभं राहून आदल्या दिवशीचा तोच संवाद उघडला आणि लिहिलं, 'मी अपीलकर्त्यांचा मुलगा आहे. माझ्या वडिलांची बाजू खरी होती असं मला वाटतं.' अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. आधी सहानुभूतीच्या दोन ओळी. मग, दुसऱ्या नकाशाकडे खालच्या कोर्टानं पुरेसं लक्ष दिलेलं दिसत नाही, पुरावा डावलणं हा कायद्याचा प्रश्न ठरू शकतो, त्या दृष्टीनं आपल्या वडिलांचं अपील बरंच सबळ होतं, वगैरे. तितक्याच स्वच्छ मराठीत. तितक्याच ठामपणे. पुतण्या माझ्याकडं बघून हसला. त्याला वाटलं मला बरं वाटेल. मला काल जितका राग आला होता त्यापेक्षा आज जास्त आला. दावरांना निदान अकरा वर्षं लागली होती! आणि त्यांना कुणी गाठून म्हणू शकत होतं की महाराज, तुम्ही तर परवा यांचे वकील होतात. इथं मी कुणाला गाठू? काल एक बोललास, आज दुसरं बोलतोस, असं म्हटलं तर ते माफी मागतं आणि तिसरं काहीतरी बोलतं. आण्णा तालुक्याच्या कोर्टातल्या न्यायाधीशांवर चिडून होते. त्यांचं नाव, त्यांची बदली कुठं झाली, पुढं ते कुठं निवृत्त झाले, सगळं त्यांना माहीत होतं. त्यांच्या निकालाविरुद्ध ते सांगलीला गेले, सांगलीच्या निकालाविरुद्ध मुंबईला. राग धरायला माणूस लागतो. अपील म्हणजे तरी काय, सही केलेल्या माणसाविरुद्ध वरच्या माणसाकडं धरलेला रागच.

दुपारी पोटभर जेवून आम्ही दादरला गेलो, संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. पोरं, पेन्शनर, कुत्री, कुल्फी. समोर बाळासाहेब ठाकरे यांचं स्मृतिस्थळ. कट्ट्यावर बसलेला कुणीतरी मोबाइलवर त्यांचं भाषण ऐकत होता, आणि मी पुतण्याला विचारलं, हे खरं की ते नाशिकचं? २०२५ च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या शिबिरात उद्धव ठाकरे यांच्या पक्षानं एआयनं घडवलेलं बाळासाहेबांचं भाषण ऐकवलं होतं. माणूस गेला २०१२ ला, आणि आवाज २०२५ च्या राजकारणावर बोलत होता. समोरच्यांनी टीका केली, ऐकवणाऱ्यांनी समर्थन केलं, कोण बरोबर हा वाद मला घालायचा नाही. तमिळनाडूत करुणानिधींनाही असंच बोलतं केलंय. मला आठवत राहिलं ते वेगळंच. १९८७ च्या विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत याच आवाजानं जी भाषणं केली, त्यांवरून मुंबई उच्च न्यायालयानं १९८९ ला त्यांच्या उमेदवाराची निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ ला ते कायम ठेवलं, आणि स्वतः बाळासाहेबांना सहा वर्षं मतदानाचा हक्क गमवावा लागला. ती भाषणं आवडोत न आवडोत, बोलणाऱ्यानं किंमत मोजली. नाशिकच्या त्या आवाजाचं मत कोण काढून घेणार? तो मतदार यादीतच नाही.

जिवंत माणसाला निदान कोर्टात तरी जाता येतं. आशा भोसले २०२५ मध्ये आपल्या आवाजाच्या नकलांविरुद्ध याच उच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांना संरक्षण मिळालं. पण मतदानाच्या आदल्या रात्री? २०२४ च्या विधानसभेला १९ नोव्हेंबरच्या रात्री नेत्यांच्या आवाजातल्या कथित ध्वनिफिती सगळीकडं फिरल्या. आवाज माझा नाही, असं त्या नेत्यांपैकी एकीनं सांगितलं, पडताळणी करणाऱ्यांनी त्या बनावट असाव्यात असं म्हटलं, आणि सकाळी सात वाजता मतदान सुरू झालंसुद्धा. निवडणूक आयोगानं त्याच वर्षी मे महिन्यात पक्षांना बजावलं होतं की असलं काही लक्षात आलं तर तीन तासांत काढा. तीन तास! आमच्या तालुक्यात तीन तासांत एक फीत प्रत्येक वाडीवर पोहोचून परत येते. बरं, मग खरं-खोटं सरकारनंच ठरवावं म्हणावं, तर तसा नियम केंद्रानं २०२३ ला करून पाहिला होता, स्वतःच्या कारभाराबद्दलच्या मजकुरासाठी. तो मुंबई उच्च न्यायालयात आला, पटेल आणि गोखले या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांच्या मतानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. ते योग्यच झालं, असं मला वाटतं. आपल्याच हँडबिलाचं प्रूफ आपणच पास करायचं, हे कुठल्या प्रेसवाल्याला पटेल?

"पण सही माझी असते काका," कट्ट्यावरून उठताना पुतण्या म्हणाला. मी दुपारपासून गप्प होतो म्हणून असेल. "ड्राफ्ट त्याच्याकडून घेतला तरी वकालतनाम्यावर नाव माझं. दाखला खोटा निघाला तर जज मला विचारणार, त्याला नाही. म्हणून मी प्रत्येक निकाल मूळ रिपोर्टात उघडून बघतो. क्लायंटचे कागद तर त्याच्यात घालतच नाही. हे घरचे म्हणून घातले." घरचे म्हणून! आण्णांच्या इंग्रजी धाटणीच्या मराठी सह्या आता कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवर असतील, कोण जाणे. पण तो जे बोलला ते मला पटलं, आणि पटूनही पुरेसं वाटलं नाही. त्याला पंचवीस पानं उघडून बघायला आज वेळ आहे. उद्या त्याच्याकडं तीनशे मॅटर असतील. प्रुफावरची सही मी कितीदा अशी घेतलीय की गिऱ्हाइकानं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. एक हात मोबाइल धरून कानाला, दुसऱ्या हातानं सही. सही होते, वाचलं जात नाही. तरी मी ती घेतोच.

रात्री त्यानं मला महालक्ष्मीत बसवून दिलं. खालचा बर्थ होता. समोर साताऱ्याला उतरणारे दोघं, वर एक कॉलेजचा पोरगा, आणि बाजूला कराडचा एक व्यापारी, भला गप्पिष्ट. कल्याण गेल्यावर त्यानं मोबाइलवर एक फीत लावली. आमच्याच भागातल्या एका पुढाऱ्याचा आवाज, कारखान्याच्या पैशाबद्दल कुणाला तरी शिव्या घालत होता. डबा कान देऊन ऐकू लागला. "एआय असंल हो," साताऱ्याचा एक म्हणाला. "आवाज तर त्याचाच हाय," दुसरा म्हणाला, "ती शिवी त्यो तशीच देतो." वरचा पोरगा म्हणाला, दोन मिनिटांत बनवून दाखवू का, तुमच्या आवाजात? सगळे हसले. व्यापाऱ्याला मात्र आपल्या फितीचा अपमान झाल्यासारखं वाटलं. तो पुन्हा पुन्हा लावून त्या शिवीवर बोट ठेवत होता. मी त्याला विचारलं, ही काढली कुणी? बोलणं कुणी टेप केलं? पाठवली कुणी? त्यानं पडदा माझ्याकडं वळवला. वर एक नंबर होता, खाली वेळ होती, आणि फीत पुष्कळदा पुढं पाठवली गेल्याची ती बाणांची खूण. नाव कुठंच नव्हतं.

"ग्रुपवर आलंय," तो म्हणाला, जणू तेवढ्यानं सगळं सांगून झालं. मग माझी उत्सुकता बघून त्याला बरं वाटलं असावं. "तुमच्याकडं आली नाही अजून? पाठवू का?"

मी नंबर सांगितला.